दुसऱ्या सीझनमधली नटी

निमगावचा बाजार करून आल्यावर दादासोनं टीव्हीवर लहानपणची अंतराळयानाची मालिका लावली. शेजारी त्याची बायको सारजा मेथी निवडत होती. दुसऱ्या सीझनला कॅप्टनच्या बायकोच्या कामात वेगळीच नटी आली.

"ही बी बरी करती की वो," सारजा म्हणाली.

"कसली बरी? पहिलीची सर न्हाय हिला. नुसती तिची कापडं घालून हुबी ऱ्हाती. हितनंच मालिका पडली बघ."

"मग आणली तरी कशाला?"

"यानातली दोन लेकरं कुणी सांभाळायची मग?" दादासो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.



थोरली बहीण वारल्यावर तिच्याच नवऱ्याशी लग्न लावताना गळ्यात घातलेला, बहिणीच्या नावाचा चांदीचा टाक सारजानं हळूच पदराआड सारला.