चाळीस शब्द

"दोन्हींतली कुठली प्रणाली घालू, सांगा," दुरुस्तीला आलेल्या फिरोजने विचारलं.

टॅबलेट इतका जुना होता, की कंपनीने त्याची मूळ प्रणाली सांभाळणं सोडलं होतं आणि रविवारपासून ती बंदच पडणार होती. नव्या टॅबलेटना नलिनीच्या डोक्यातली जुनी चिप ओळखता येत नव्हती. आजाराने वाचा आणि हातपाय गेल्यापासून ती मनात वाक्य जुळवायची आणि हा टॅबलेट ते बोलून दाखवायचा.

फुकट मिळणाऱ्या दोन मुक्त प्रणाली त्यावर चालणार होत्या. एकीत अख्खी मराठी होती, पण ती बोटाने लिहावी लागे. दुसरी चिप ओळखायची. मात्र ती दवाखान्यांसाठी केलेली, तिच्यात चाळीसच शब्द.

"त्यात 'भास्कर' आहे का रे?" नलिनीने टॅबलेटमधून विचारलं.

"नावं नाहीत, काकू. भूक, दुखतंय, हो, नाही, असलंच सगळं."

"मग नको. मी गप्प राहीन."

"अगं, तुला दुखलं तर मला कळणार कसं?" तिचा नवरा भास्कर कळवळून म्हणाला आणि तिच्याकडे न बघता त्याने फिरोजला दुसरी घालायची खूण केली.

फिरोज गेल्यावर भास्कर तिच्या उशाशी बसला. "बोल ना काहीतरी."



"पाणी," टॅबलेट म्हणाला.

त्याने चमचा तोंडाशी नेला, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"पाणी," टॅबलेट पुन्हा म्हणाला. नलिनी हाक मारल्यासारखी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला तहान लागलेली नाही, एवढंच भास्करला कळलं.