अठ्ठाविसावं नाव

आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकीट फाडलं की प्रवाशाचं नाव इथल्या सर्व्हरवर चढतं आणि तिथून पलीकडे दिघीच्या सर्व्हरवर त्याची नक्कल होते. ही जोडणी मी आज दुपारीच केली.

चारच्या बोटीची खिडकी अजून उघडली नव्हती. तरी दिघीच्या नकलेत अठ्ठावीस नावं होती. मी ती पुसली. ती परत आली.

मग हिरामणदादांनी खिडकी उघडली. एकेक नाव ते टाकत गेले. तीच नावं, त्याच क्रमानं.

सत्तावीस झाली आणि रांग संपली. अठ्ठाविसावं नाव माझ्या बायकोचं होतं.

मी घाईघाईनं अमिषाला फोन लावला. ती पनवेलला, घरीच होती. भाजी चिरत हसत होती.

तेवढ्यात हिरामणदादांनी हाक मारली, "निकेत, तुझी अमिषा आलीय रे. तिकीट फाडू ना?"