आईच्या मापाचं कव्हर

त्रिवेणीच्या औषध कंपनीत फॅमिली डेला तिची आई हैदराबादच्या गौलीगुड्याहून नटूनथटून आली, ‘आपलं औषध’ बघायला. हत्तीरोगावरच्या औषधाच्या चाचण्यांसाठी आईने सहा वर्षं रक्त दिलं होतं. गेल्या महिन्यात कंपनीने बेत बदलला, हे सांगायला त्रिवेणीची जीभ रेटली नव्हती. प्रयोगशाळेच्या दाराशी प्लास्टिकचं निळं कव्हर आईच्या सुजलेल्या पायावर चढेना. “अम्मा, इसके बिना अंदर नक्को,” वॉचमन म्हणाला. त्रिवेणीचा जीव भांड्यात पडला. “हत्तीरोगाचं औषध करता, अन् हत्तीच्या मापाचं कव्हर नाही?” आई हसली. वॉचमनने दोन कव्हरं फाडून जोडली, दार उघडलं. आत खोक्यांची चळत. प्रत्येकावर गुबगुबीत कुत्र्याचं चित्र. “औषध तेच आहे आई, पण आता फक्त कुत्र्यांसाठी. माणसांचं परवडत नाही म्हणे.” आई चित्राकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “साहेबांना सांग ना, आमच्याकडं कुत्रा आहे.”