शेवटच्या माणसाचं सूप

डोंगरवाटेवरच्या त्या खानावळीत कोणी येऊन पाठीवरची पिशवी उतरवली, की मावशी सूप वाढायच्या आधी एकच विचारायची, "मागे कोणी आहे का?" उत्तर ऐकून चूल चालू ठेवायची की विझवायची ते ठरवायची. शेवटच्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम.

त्या दिवशी पहिला म्हणाला, "एक लाल टोपीवाले आहेत. सावकाश येताहेत." मग एक जोडपं आलं. "हो, लाल टोपीवाले आहेत ना मागे! हात केला त्यांनी आम्हाला." सगळ्यात शेवटी काठी टेकत एक म्हातारबाबा आले. यांच्याहून हळू कोण चालणार? पण तेही तेच म्हणाले.

वाट पाहून पाहून मावशीचे डोळे शिणले. उन्हं कलली, तरी वाटेवर चिटपाखरू नाही. "यायचा असता तर एव्हाना आला असता मेला!" असं म्हणत तिनं राखून ठेवलेलं सूप स्वतःच पिऊन टाकलं, चूल विझवली आणि तरातरा घर गाठलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मावशी आत येऊन बूट काढायला बसली, तरी त्या दार लावेनात.

"अगं, तुझ्या मागोमाग एक लाल टोपीवाले आलेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वाटणीचं सूप तुझ्यापाशी आहे म्हणे. ते घ्यायला आलेत."