सेकंदाला पाच ठोके

घड्याळजींच्या बायकोचं विमान शेवटच्या राक्षसापुढे नवव्यांदा फुटलं आणि तिने एक ठेवणीतली शिवी हासडली. मुलगा नोकरीसाठी लांब गेला तेव्हा त्याचा हा जुना व्हिडिओ गेम खरं तर माळ्यावर जायचा होता. तो पोचला टीव्हीखाली. तेव्हापासून नवरा दुकानात गेला की ही बाई दुपारचे पडदे ओढायची आणि तासभर अंतराळात जाऊन यायची.

"अहो, इकडे या जरा. दुसरा रिमोट घ्या."

घड्याळजी दारातच थबकले. त्यांचा उजवा हात खिशात होता. गेले सहा महिने तो तिथेच राहत होता, कारण बाहेर काढला की थरथरायचा. दुकानाच्या खणात बारा-तेरा घड्याळं पोटं उघडी टाकून पडली होती, आणि 'येत्या सोमवारी देतो' हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकांना सोमवारचाच वीट आला होता. घरी मात्र "हल्ली मंदी आहे" एवढंच सांगून ते दुपारी लवकर परतत. हिला कळलं तर ही त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावायला लावणार. आणि दुकान नसलं तर माणसाने सकाळी उठून जायचं कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मला नाही जमायचा हा पोरखेळ."

"नाचता येईना अंगण वाकडं! बसा मुकाट्याने. एका विमानाला तो मेला दाद देत नाही. गोळ्यांनी त्याचं कवच तडकतं, पण आपण जरा दम खाल्ला की लगेच भरून येतं. आणि माझा अंगठा दुखतो हो."

दुखतो म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. ते तिच्या शेजारी सतरंजीवर बसले, मांडीवर उशी घेतली आणि उशीच्या आडोशाला रिमोट धरला. खोलीत अंधार होता. चहा-बिस्किटांची बशी तशीच पडली होती.

"डाव्या अंगठ्याने विमान हलवायचं, उजव्याने मारायचं," ती म्हणाली. "बटण दाबून धरलंत तर एकच गोळी सुटते. जितक्यांदा दाबाल तितक्या."

घड्याळजींनी अंगठा बटणावर नुसता टेकवला. पुढचं सगळं अंगठ्याने आपलं आपणच केलं.

गोळ्यांची सरळ रांग वर निघाली, ती तुटेचना. तारे खाली सरकत होते. सरकता सरकता ते टीव्हीच्या चौकटीबाहेर आले, सतरंजीवरून वाहू लागले, आणि घड्याळजींना वाटलं, आपली खोली जमिनीवरून सुटून हळूहळू वर निघाली आहे. आवाज फक्त बटणाचा होता. टिक टिक टिक टिक टिक. अडतीस वर्षं ठोके ऐकण्यात गेलेल्या त्यांच्या कानाने तो सवयीने मोजला. सेकंदाला पाच. जुनं चावीचं मनगटी घड्याळ नीट लावून दिलं की सेकंदाला पाचच ठोके देतं. इतके दिवस ते या हातावर दात खात होते, आणि हात बिचारा नेमाने चालला होता.

"अगं बाई! केवढं भरभर मारताय!" बायको हरखून म्हणाली. "कुठे शिकलात हो?"

आणि तिने वळून पाहिलं. उशी कधीच घसरली होती.

हात खिशात घालायला वेळ होता. पण अंगठा निघाला असता तर गोळ्या थांबल्या असत्या, आणि राक्षसाच्या कवचाला पहिली बारीक चीर आत्ताच पडली होती. घड्याळजींनी हात तिथेच ठेवला.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"आणि दुकानातली कामं?"

"एकही झालेलं नाही. मागच्या आठवड्यात एकाची स्प्रिंग तोडली. केसाएवढी असते ती. चिमट्यात धरवलीच नाही."

पडद्यावरचा निळा उजेड तिच्या गालांवर पडला होता आणि गाल ओले होते.

"मला सांगायचं नाही होय?"

"तू दुकान बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं. उद्या दोघं मिळून जाऊ आणि ज्याचं त्याला घड्याळ परत करू. माफी मी मागते, तुम्हाला जमायची नाही."

घड्याळजींनी होकाराची मान हलवली. आजवर त्यांनी कुणाचं घड्याळ दुरुस्त न करता परत दिलं नव्हतं. पडद्यावर चीर रुंदावली, आतून नारिंगी प्रकाश झिरपू लागला, आणि पिसाळलेल्या राक्षसाने चहूकडून मारा सुरू केला. घड्याळजींना तो चुकवता येत नव्हता. त्यांचं विमान एका जागी उभं राहून मारत होतं.

"आणि परवा?" त्यांनी विचारलं.

"परवाचं काय?"

"परवा सकाळी उठून मी जायचं कुठे?"

तिने बाहीने डोळे पुसले, आणि आपलं विमान सरकवत सरकवत त्यांच्या विमानाच्या पुढ्यात आणून उभं केलं.

"माझ्या मागे राहा," ती म्हणाली. "येईल ते मी बघते. तुम्ही हात थांबवू नका."