सात सुटे कागद

सातवा कागद वाचून झाला आणि अक्षरबाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते. कागदांचा मालक पाच वाजता येणार होता.

हिब्रू शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून देणं हा अक्षरबाईंचा धंदा. भाषा कानाला कळते पण लिपी वाचता येत नाही, अशी माणसं बरीच असतात. कुणी प्रार्थना आणतं, कुणी आजोबांची पत्रं. हिब्रूत स्वर बहुतेक लिहीत नाहीत; शब्द ओळखून ते आपणच भरायचे. त्यामुळे डोळे मिटून उतरवून काढायची सोय नाही, वाचावंच लागतं. लोकांच्या घरातलं नको ते पोटात ठेवूनच वहिनीचं पोट सुटलंय, असं त्यांची नणंद म्हणायची.

हा माणूस सोमवारी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

“बायकोची वही आहे. वाढदिवसाला छापून द्यायचीय, गुपचूप. ती बोलते ते सगळं कळतं मला. पण ही अक्षरं म्हणजे आपल्याला नुसत्या मुंग्या.”

“नंबर घातलेत?” अक्षरबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. एकदा पंख्याने एका पुडक्याची पानं उडाली आणि ती जुळवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून नंबर नसलेले सुटे कागद त्या घेतच नसत.

“घातलेत की. वहीत होते तसेच.”

पावती होईपर्यंत त्याने फळीवरचा हिब्रू शब्दकोश उगाच हातात घेतला. पुठ्ठा उघडल्याबरोबर शुद्धिपत्र लागलं, तसा कंटाळून ठेवून दिला.

कागदांवर तारीख कुठेच नव्हती. सगळ्या तुटक नोंदी. पहिल्यावर एका मैत्रिणीचा पत्ता: चौथी गल्ली, निळं फाटक, वरचा मजला. खाली एवढंच, ‘तिथे कडी आतून आहे.’ अक्षरबाईंना हसू आलं होतं. कडी आतूनच असते, त्यात लिहायचं काय? लग्नाआधी बाई मैत्रिणीकडे राहत असावी. दुसऱ्यावर बसची वेळ, ‘एकच पिशवी. मागे वळून बघायचं नाही.’ नवी नवरी निघाली, असं त्यांनी धरलं.

तिसऱ्या कागदापासून त्यांचं हसू मावळलं. ‘खिडकीला दोन खिळे. तो काही बोलला नाही.’ चौथ्यावर चार खिळे. पाचव्यावर पाच, आणि ‘उजवा हात सुजलाय.’ सहाव्यावर सात. सातव्यावर, ‘त्याने बाहेरून कुलूप घातलं. खिडकी ठोकून टाकली. आठ खिळे.’

त्यापुढे कागदच नव्हता.

एक बाई त्या खिडकीमागे, अजून तिथेच. अक्षरबाईंनी पोलिसात असलेल्या नणंदेला फोन लावला आणि पावतीवरचा घरचा पत्ता दिला.

“माणसं जमवून निघायला वेळ लागेल,” नणंद म्हणाली. “तो आला की बोलण्यात गुंतव. आणि वहिनी, त्या कुलपाचं तिने लिहून ठेवलंय हे त्याला कळता कामा नये. जीव घेईल तिचा.”

वाटेल ते लिहून त्याच्या हातात देता येत नव्हतं. भाषा त्याला कळत होती. मग सातांपैकी निरुपद्रवी काय आहे? अक्षरबाईंनी विचार केला आणि फक्त पहिला कागद स्वच्छ उतरवून काढला. जुना पत्ता, तो त्याला माहीतच असणार.

पाचच्या ठोक्याला तो आला. अक्षरबाईंनी चहा मागवला, पंख्याची तक्रार केली, सांधेदुखी काढली. सांधेदुखी मात्र खरी होती. तो घड्याळ बघायला लागला.

“कामाचं बोला, बाई.”

“डोळ्यांनी दगा दिला हो. आज एकच झालाय. बाकीचे उद्या देते.”

तो ओठ हलवत वाचू लागला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि परत वर आला. मग हसला.

“वा! बाकीचे राहू द्या. एवढ्यावर भागेल माझं.”

त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली आणि जिना उतरला. बाकीचे सहा कागद त्याने मागितलेसुद्धा नाहीत. सुटलो, असं अक्षरबाई स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. आता तो घरी पोचेल आणि नणंद दारातच उभी असेल.

सहा वाजता फोन वाजला.

“वहिनी, घरात कुणी नाही गं,” नणंद म्हणाली. “कुलूप बाहेरून तसंच होतं, आम्ही तोडलं. खिडकी सताड उघडी. चौकटीला आठ भोकं, आणि आठही खिळे गादीखाली लपवलेले. शेजारीण म्हणते, बाई शनिवारपासून खिडकीत दिसली नाही.”

“आणि तो?”

“तो कुठे आलाय अजून? त्या वहीचा नुसता पुठ्ठा पडलाय इथे. एक सांग, तिने आपलं नाव मागच्या बाजूला का लिहिलंय?”

अक्षरबाईंची नजर टेबलावरच्या सहा कागदांवर गेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने घातलेला ठळक नंबर होता.

“ती मागची बाजू नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “हिब्रू वही तिथूनच सुरू होते.”

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटचा कागद खिशात घालून त्याला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.