यंत्राभोवतीची हवा
प्राचीन वेशीपाशी हवा मोजणारं यंत्र होतं. त्याचा आकडा शहरभरच्या फलकांवर झळकायचा. वेस बघायला पाहुणे येणार म्हणून प्रदूषण खात्याच्या साहेबांनी हवा सुधारायचं मनावर घेतलं, म्हणजे टँकर बोलावून फक्त यंत्राभोवती फवारा सोडला. “अहो, यंत्राला अंघोळ नको, नुसता शिडकावा!” साहेब टँकरवाल्याला म्हणाले. धूळ बसली, लाल फलक हिरवे झाले. तेवढ्यात मास्तरीण लेकीचा फोन आला. “बाबा, फलक हिरवा दिसला, लगेच वर्ग मैदानावर सोडला. आपला दमेकरी सोन्यासुद्धा पळतोय!” “सोन्याला आत घे.” “आणि बाकीची पोरं?” फोनवर टँकरच्या फवाऱ्याचा आवाज तेवढा आला. लेकीला काय ते कळलं. तिनं शिट्टी फुंकली. “सगळे आत चला रे!” मग विचारलं, “सोन्या म्हणतोय, आजोबांचा फलक तर हिरवाय. काय सांगू?” पाहुण्यांच्या गाड्या वेशीकडे वळल्या. साहेब मान खाली घालून टँकरवाल्याला म्हणाले, “पाणी बंद करा.”